पावण्यांच्या यादीतलं माझं नाव

शीतल, मशीन चालू आहे. तूही सगळ्यात आधी हेच विचारलं असतंस, म्हणून आधी हेच सांगतो.

तू गेलास त्याला आज एकोणीस दिवस झाले. वय, शिक्षण, पश्चात कोण कोण, हे सगळं पेपरात येऊन गेलं. दोन कॉलमी चौकट होती, फोटो जुना होता. मजकूर टाइप करणाऱ्या मुलीनं आधी तुला 'श्रीमती' केलं होतं. आपल्याकडच्या जैन घरांत शीतल हे बाप्याचं नाव असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी फोन करून सांगितलं, तिनं दुरुस्त केलं. पण दुसरी चूक तशीच छापली गेली. तुला 'पंपविक्रेते' म्हटलं. तू जन्मात एक पंप विकला नाहीस. लोकांनी दुसरीकडून घेतलेले पंप तू दुरुस्त केलेस. निवृत्त उपसंपादकाच्या हातात आता एवढंच उरतं, म्हणून ती दुरुस्ती इथे करतो.

मला लिहायचं आहे ते वेगळंच. तुझ्यामाझ्यात दोन वाद अर्धे राहिलेत. एक माझ्यामुळे आणि एक तुझ्यामुळे. त्यातल्या एकाचा निकाल गेल्या आठवड्यात लागला, आणि तो ऐकायला तू नव्हतास.

उद्यमनगरातल्या तुझ्या दुकानात मोटरी कमी आणि फोन जास्त यायचे. नेसरीहून यायचे, चंदगडहून यायचे, नृसिंहवाडीकडच्या नदीकाठावरून यायचे. समोरच्यानं नाव सांगायच्या आत तू म्हणायचास, "पावणं, फोन मोटरीजवळ धरा. आणि बोलू नका." मग तू डोळे मिटून ऐकायचास. दहा सेकंद, फार तर पंधरा. त्या वेळात दुकानात कुणी चमचा वाजवला तरी तू डोळे न उघडता त्याच्याकडे बोट करायचास. मग निदान यायचं. "बेरिंग गेलंय. वायंडिंग चांगलं हाय. मोटर उपसून आणू नका, नुसतं बेरिंग घेऊन जावा."

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला थाप वाटली. मी त्या माणसाचा नंबर घेतला आणि चार दिवसांनी त्याला फोन केला. बेरिंगच होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला कळलं असतं तर तू महिनाभर दुकानात सांगत सुटला असतास.

हे आवाज तू ठेवून घ्यायला लागलास. ज्याची मोटर त्याला विचारून. प्रत्येक आवाजाच्या शेवटी तुझा आवाज: गावाचं नाव, दुखणं, कधी एखादी शिवी. बाराशेच्या वर झाले. ते दुसऱ्या कुणाच्या कंपनीच्या मशीनवर ठेवायला तू तयार नव्हतास. "मोटर शेतकऱ्याची, कान माझा आणि आवाज अमेरिकेत? कशाला?" म्हणून एक जुना कॉम्प्युटर आणलास, तांब्याच्या तारेच्या रिळांच्या फळीवर बसवलास, आणि त्यावर तीन गोष्टी सुरू केल्यास. घरचे फोटो, घरचे कागद आणि आवाज. फोटोंना आणि कागदांना वेगळा पत्ता, वेगळा पासवर्ड. पासवर्ड तू विसरायचास, म्हणून पद्मावहिनींनी ते दुकानातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिले, मोठ्या अक्षरांत, गिऱ्हाइकांना चष्म्याशिवाय वाचता येतील असे. आवाजांना तर पासवर्डच नव्हता.

पासवर्ड असे भिंतीवर आणि आवाज असे उघडे, याला मी हरकत घेतली. तुझ्या साठाव्या वर्षीच्या उद्योगाची सुरुवात माझ्या त्या हरकतीनं झाली, याची नोंद राहू दे.

आठ दिवस तू इंटरनेटवर वाचत बसलास. मी तेव्हा रात्रपाळीतून सुटून नुकता निवृत्त झालेला, सकाळी काय करायचं ते कळत नसलेला माणूस. तुझ्या दुसऱ्या चहाला दुकानात यायचो.

"काय संपादक," तू म्हणालास. मी कधीही संपादक नव्हतो आणि हे तुला पक्कं माहीत होतं. "तुमच्या पेपरच्या ऑफिसात खाली कोण बसायचा?"

"वॉचमन."

"आत जाणाऱ्याला तो काय विचारायचा?"

"कोण, कुणाकडे."

"आणि मग?"

"मग मजला सांगायचा."

"झालं की! ह्योच रिव्हर्स प्रॉक्सी. बाहेरच्याला एकच दार दिसणार. फोटो कुठल्या खोलीत, कागद कुठल्या खोलीत, त्याला काय करायचंय? वॉचमनला सांगायचं, तो नेऊन सोडतोय. आणि एकदा गळ्यात पास घातला की परत कुठल्याच खोलीत नाव सांगायचं न्हाय. त्याला म्हणतात सिंगल साइन-ऑन. एक दार, एक ओळख. कॅलेंडर मोकळं."

आमचा वॉचमन दुपारी झोपायचा आणि पास कुणी बघायचं नाही, ही वस्तुस्थिती मी तुझ्या निदर्शनास आणली.

"म्हणून तर तुमच्या पेपरात कायबी छापून यायचं," तू म्हणालास.

त्यानंतरचे दिवस मी वहीत टिपले आहेत. सवय. पहिल्या दिवशी तू वॉचमन बसवलास आणि त्याला एकच हुकूम दिलास: ओळख पटल्याशिवाय कुठल्याही पानावर कुणालाही सोडायचं नाही. हुकूम चोख होता. इतका चोख की ओळख पटवायचं पानसुद्धा त्याच हुकुमात सापडलं. तू फोटो उघडायला गेलास. वॉचमन म्हणाला, आधी ओळख पटवा. ओळख पटवायच्या पानाकडे गेलास. वॉचमन म्हणाला, या पानावर जायला आधी ओळख पटवा. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं आणि शेवटी यंत्रानं हात टेकले.

तू दीड दिवस त्यात घातलास. सगळ्या ओळी खालून वर वाचल्यास. इस्माईलचाचा, ज्यांनी तुझ्या दुकानात तीस वर्षं मोटरी भरल्या, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळली, ते मागून म्हणाले, "मालक, शाफ्टच उलटा बसलाय वाटतं." तू त्यांच्याकडे रागानं बघितलंस.

दुसऱ्या दिवशी सूर्य कलायला लागला तशा पद्मावहिनी डबा घेऊन आल्या. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा तुझा नियम कुठल्याही मोटरीसाठी मोडला नव्हता, या मशीनसाठीही मोडणार नव्हता. वहिनींनी डबा उघडता उघडता विचारलं, "काय झालंय ह्याला?"

तू सांगितलंस.

"म्हंजे चावी आत ठेवून दार वढून घेतलं की," वहिनी म्हणाल्या. "गेल्या साली मी न्हाय केलं व्हय? शेजारच्या काकींकडं दुसरी चावी हुती म्हणून आत आलो, न्हायतर तुमी कुलूपवाला हुडकत बसला असता. ते ओळखीचं पान दाराच्या भायेर काढा. जेवा आधी."

तू जेवलास, हात धुतलेस, ते पान हुकुमातून बाहेर काढलंस आणि सगळं चालू झालं. वहिनींना श्रेय दिलं नाहीस. माझ्या वहीत आहे: "सायं. ५.५०. उपाय सौ. पद्मा यांचा."

मग तू याद्या केल्यास. कुणाला कुठल्या खोलीत सोडायचं, याच्या. एका यादीचं नाव 'घरचे'. त्यात वहिनी आणि तुझी मुलगी समीक्षा. त्यांना फोटो आणि कागद. दुसऱ्या यादीचं नाव 'पावणे'. तिला फक्त फोटो. त्या यादीत एकच नाव होतं. माझं.

मी म्हणालो, "चाळीस वर्षांची ओळख आहे आपली."

"एकेचाळीस. चुकलास की, संपादक!"

"मग मी पाहुणा कसा?"

"येतोस, चा पितोस, चुका काढतोस, जातोस. पावणाच की."

"इस्माईलचाचांना कुठल्या यादीत घातलंस?"

"त्यांनी यादी नको म्हटलं. त्यांना फोन हातात धरला तरी घाम फुटतोय."

हसण्यावारी नेलं मी ते. पण खरं सांगायचं तर टोचलं. एकेचाळीस वर्षं एका घरात जेवल्यावर माणूस स्वतःला कुठल्या यादीत धरतो? मी हा वाद पुढे सात-आठ वेळा काढला. तू दर वेळी वेगळं उत्तर दिलंस आणि एकही खरं नव्हतं.

वचपा मी माझ्या पद्धतीनं काढला. पान छापायला सोडण्याआधी दुसऱ्या डोळ्यांनी वाचायचं, हे मला नोकरीनं शिकवलं. माझ्या डायरीत तुझ्या आवाजांचा जुना पत्ता होता, वॉचमन यायच्या आधीचा. मी घरी बसून तो फोनवर टाकला. आवाजांची खोली सताड उघडली. ना वॉचमन, ना ओळख. तू पुढे दार बसवलं होतंस आणि मागची भिंत घालायचीच विसरला होतास.

फोन केला. तुला सांगितलं.

"किती वाजता बघितलंस?"

"दहा वाजून वीस मिनिटांनी."

"अजून कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस. बंद करतो." आणि मग, थोड्या वेळानं, "लेका, तू मरशील तेव्हा तुझ्या चितेची लाकडंबी मोजशील."

दुपारपर्यंत मागचं दार बंद झालं. मला मनापासून अभिमान वाटला. तो किती दिवस टिकला ते पुढे येईलच.

आता दुसरा वाद. समीक्षाचा.

पोरगी इलेक्ट्रिकलची इंजिनिअर झाली आणि पुण्याची नोकरी सोडून दुकानात आली. तू वरवर कुरकुर केलीस आणि आतून चार इंच वाढलास. ती मोटरी भरायला शिकली, हिशेबशीर बोलायला शिकली, गिऱ्हाईक तिला 'ताई' म्हणायला लागलं. पण आवाजांच्या खोलीत तू तिला सोडलं नाहीस. त्या खोलीची परवानगी फक्त तुला एकट्याला.

मी म्हटलं, हे बरोबर नाही. उद्या तूच नसलास तर? हे मी सहज बोललो होतो, वादात बोलतो तसं.

तू म्हणालास, "आधी तिचे कान तयार होऊ देत. आत्ता आवाज दिले तर ती हुडकून जुळवत बसंल. ऐकणार न्हाय. कॉपी करून पास झालेला मिस्त्री मला नकोय."

"पण ती तुझी मुलगी आहे."

"म्हणूनच."

ती दुकानात होती. तिनं ऐकलं. मान खाली घालून तार गुंडाळत राहिली. त्यावर मी तुला आणखी काही बोलायला हवं होतं. मी विषय बदलला. हे राहून गेलेलं वाक्य माझ्या खात्यावर आहे.

त्याच आठवड्यातली गोष्ट. तुझ्यावर मी लेख लिहिणार होतो. ऐकून मोटर दुरुस्त करणारा माणूस. नोकरीत असताना लिहिला नाही, कारण मित्रावर लिहायचं नाही हा डेस्कचा नियम होता. नियम सुटला तरी लेख सुरू होईना. मी तुझ्याकडे काही मोटरींचे नंबर मागितले होते, नेमकेपणासाठी. तू भडंगाच्या पुडीबरोबर एक घडी केलेला कागद दिलास. दहा ओळी. प्रत्येक ओळीत काही अक्षरं, काही आकडे.

"हे नीट ठेव," तू म्हणालास. "मागितलं तर दे. हरवू नकोस."

मी काही हरवत नाही, हे तुला माहीत होतं. मी तो कागद पाकिटात घातला, पाकिटावर लिहिलं: 'शीतल – मोटर नंबर – लेखासाठी', आणि पाकीट कपाटात पंपांच्या कात्रणांमागे लावलं. भडंग संपवला. लेख लिहिला नाही.

तू गेलास ते सकाळी, चहा निवायच्या आत. त्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही.

तुमच्या घरी गेलेल्या माणसाच्या वस्तू अडवून ठेवत नाहीत. कपडे गेले, सायकल गेली, चष्म्याच्या काचा कुणाला तरी लागू पडल्या. इस्माईलचाचांच्या फोनची काच फुटली होती. वहिनींनी तुझा फोन त्यांना द्यायचा ठरवलं. दिलेली वस्तू स्वच्छ असावी म्हणून आधी तो मोबाइलच्या दुकानात नेऊन पूर्ण पुसून घेतला. मग वर नवं कव्हर घालून दिला. इतक्या प्रेमानं केलेली चूक मी बातम्यांत कधी वाचली नाही.

कारण तुझ्या दाराला दोन कुलपं होती. तुझा पासवर्ड घरातच काय, गल्लीत सगळ्यांना माहीत होता. तू भरलेल्या पहिल्या मोटरीचा नंबर, जो दुकानाच्या भिंतीवर रंगवलेला आहे. म्हणून तू दुसरं कुलूप लावलं होतंस: फोनवर दर अर्ध्या मिनिटाला बदलणारे सहा आकडे. ते आकडे काढणारं जे काही फोनमध्ये होतं ते पुसलं गेलं.

समीक्षाला हे आठव्या दिवशी कळलं. तिनं दुकान उघडलं होतं. उसाला पाणी द्यायचे दिवस, फोन थांबत नव्हते. "फोन मोटरीजवळ धरा," ती म्हणायची, ऐकायची आणि मग समोरच्याला म्हणायची, "मोटर काढून आणा." तिची खात्री होत नव्हती. मोटर काढून आणायची म्हणजे चार माणसं, एक टेम्पो, पिकाचं पाणी दोन दिवस बंद. तिसऱ्या माणसानं सरळ म्हटलं, "ताई, शीतलआण्णा असते तर सांगितलं असतं. आता आमी जयसिंगपूरलाच नेतो."

ती माझ्याकडे आली. बसली नाही.

"काका, आवाज पायजेत मला. न्हायतर दुकान मे महिन्यापतूर बी चालायचं न्हाय."

मी दुकानात गेलो. इस्माईलचाचा फोन कागदात गुंडाळून काउंटरवर ठेवून उभे होते. "घ्या ह्यो परत. मी फोन घेतला आन् मालकाचं दुकान बंद पाडलं व्हय?" वहिनी म्हणाल्या, "तुमी कशाला, मीच पुसून आणला की." दोघांत बराच वेळ चूक कुणाची यावर भांडण झालं. दोघंही ती स्वतःकडे ओढत होते.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक माणूस आला. त्यानं मशीन बघितलं आणि म्हणाला, "बंद करतो, डिस्क काढतो, दुसरीकडं लावून बघतो." समीक्षानं त्याचा हात धरला. तू डिस्कलाही कुलूप लावलं होतंस. चालू आहे तोवर उघडी, एकदा बंद झाली की पासवर्ड मागणार, आणि तो भिंतीवरचा नव्हता. त्या दिवसापासून इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचं काम इस्माईलचाचांनी स्वतःकडे घेतलं. लाइट गेली की ते मशीनसमोर उभे राहायचे, जणू ते पडलं तर झेलणार होते.

मग समीक्षानं मला विचारलं, "काका, मागनं कुठनं रस्ता असतो न्हवं? पप्पांनी जुना पत्ता ठेवला असंल की."

मी डायरी उघडली नाही. मला माहीत होतं.

"होता," मी म्हणालो. "मी बंद करायला लावला."

चुका काढणाऱ्या माणसाला स्वतःची अचूकता किती महाग पडू शकते, ते मला त्या दुपारी कळलं. तुझ्यावरही राग आला, शीतल. मी सांगितलं होतं, तिला परवानगी दे. तुझ्या एका हट्टानं आणि माझ्या एका हुशारीनं मिळून पोरीला बाहेर कोंडलं होतं.

घरी आलो. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून लेख लिहायला घेतला. निदान तुझं काम चार लोकांना कळेल. पंपांचं पाकीट काढलं, मोटर नंबरांसाठी. कागद उलगडला.

पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. मी आयुष्यभर आकडे तपासले आहेत. तुझ्या भिंतीवरच्या मोटरीचा नंबर मला पाठ आहे आणि यातली एकही ओळ तशी नव्हती. मोटरींच्या नंबरांना कंपनीची अक्षरं असतात, वर्ष असतं. हे दहाही सारख्या लांबीचे होते, आणि त्यांत काही अर्थ नव्हता. मी ते त्या वेळी तपासलेच नव्हते. इतक्या वर्षांत न तपासता फाइल केलेला बहुधा हा एकमेव कागद.

समीक्षाला फोनवर पहिली ओळ वाचून दाखवली.

ती ओरडली. "काका, ते रिकव्हरी कोड हायत! फोन हरवला तर वापरायचे! कुणाकडं होते?"

"माझ्याकडे."

"कवापासनं?"

मी तारीख सांगितली.

मग तिनं जे म्हटलं ते तुझ्याच तोंडचं होतं, ते इथे छापत नाही.

सगळे मशीनसमोर जमले. वहिनी, चाचा, ती, मी. तिनं तुझं नाव घातलं, भिंतीवरचा नंबर घातला, आणि सहा आकडे मागितले गेले तिथे माझ्या कागदावरची पहिली ओळ घातली. दार उघडलं. इस्माईलचाचांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

ती परवानग्यांच्या पानावर गेली. मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. आवाजांच्या खोलीच्या यादीत तिचं नाव आहे का, ते मी आधी शोधलं. नव्हतं. मला वाटलं होतं, तू गुपचूप घातलं असशील, गोष्टींत असतं तसं. नव्हतं. तू हट्टीच होतास, तसाच गेलास. तिनं स्वतःचं नाव स्वतःच घातलं.

मग तिनं 'पावणे' यादी उघडली. यादीखाली माहिती लिहायला एक चौकोन असतो. बाकीच्यांत तू काही लिहिलं नव्हतंस. यात लिहिलं होतं:

"घरचे आत अडकले तर भायरनं दार उघडाय कुणीतरी लागतंय. चावी घरात ठेवायची नसती, पद्मीनं शिकवलंय. संपादक भायेरच बरा. कागद हरवणार न्हाय."

समीक्षानं ते मोठ्यानं वाचलं. वहिनी आधी हसल्या. "बघा! मला तोंडावर कवा म्हटलं न्हाय. यंत्राला सांगून ठेवलंय." मग पदर तोंडाला लावून मागच्या खोलीत गेल्या, आणि आम्ही सगळे थोडा वेळ तारेच्या रिळांकडे बघत राहिलो.

फोन वाजला. नेसरीचा माणूस होता.

"पावणं, फोन मोटरीजवळ धरा," समीक्षा म्हणाली. "आणि बोलू नका."

तिनं डोळे मिटले. तुझ्यासारखेच. घरघर आणि मधेच टक्, टक्. मशीन समोर होतं, बाराशे आवाज उघडे होते. तिचा हात माउसवर गेला नाही. दहा सेकंद, पंधरा सेकंद. मग ती हळू म्हणाली, "बेरिंग न्हाय वाटत. पंपात कायतर अडकलंय." फोनवर तिनं सांगितलं नाही, म्हणाली, पाच मिनिटांत सांगते. मग तिनं शोधलं. चौथ्याच आवाजाला तेच टक्, टक्. आणि शेवटी तू, खोकून:

"चंदगड. पंपात काजूची बी अडकलीया. ह्यांनी बेरिंग बदलून आणलंय, शाने. बेरिंगला हात लावू नका, जाळी साफ करा."

दुकानात तुझा आवाज घुमला. आतून वहिनी ओरडल्या, "जेवाय बोलावलं की असाच खोकायचे!" चाचा हसायला लागले आणि त्यांना थांबता येईना. समीक्षानं नेसरीला फोन लावला. "मोटर उपसू नका. जाळी काढा, आत कायतर अडकलं असंल." तासाभरानं त्याचा फोन आला. लाकडाची ढलपी होती. म्हणाला, "ताई, अगदी आण्णांसारखं सांगितलंसा."

त्यावर ती मला म्हणाली, "काका, पप्पांनी दोन वर्षांमागं दिले असते न्हवं, तर मी ते टक् ऐकलंच नसतं. हुडकलं असतं नुसतं."

म्हणजे वादात तू जिंकलास. हे मी नोंदवतो, पण माझं म्हणणं पूर्ण मागे घेत नाही. परवानगी द्यायला हवी होती आणि ऐकायलाही शिकवायला हवं होतं. यावर तुझं उत्तर काय असतं ते मला माहीत आहे, म्हणून ते इथे घेत नाही.

लेखही आता राहून गेलेला नाही. हाच तो. मोटरींचे नंबर त्यात नाहीत, पण तूच दिले नाहीस.

जाता जाता समीक्षानं विचारलं, "काका, तुमचं नाव घरच्यांत घालू का? आत्ता लगेच हुतंय."

सात-आठ वेळा मी ज्यासाठी भांडलो ते एका टिचकीवर होतं. मी म्हणालो, "राहू दे. आहे तिथंच बरा आहे."

तिनं कागद परत माझ्या हातात दिला. घरी येऊन मी त्यातली पहिली ओळ पेनानं खोडली, वर तारीख घातली, आणि पाकिटावरच्या जुन्या नावावर काट मारून नवं लिहिलं: 'शीतल – चावी. एक वापरली. नऊ शिल्लक.'